चोरीचा बैल आणि बापाची साक्ष

नेवाशाची ती बैलचोरी मी अजून विसरलेलो नाही. निवृत्त होऊन नगरला घरी बसलोय, पण मोठमोठे तपास आठवत नाहीत. आठवतो तो एक म्हातारा.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गळीत हंगाम जोरात होता. सकाळची हजेरी चालू असताना ऊसतोडीचं एक जोडपं दारात आलं. पाथर्डीकडचं. पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर बांधलेल्या जोडीतला एक बैल चोरीला गेला होता. बाई रडत नव्हती, चिडली होती.

"सायेब, एका बैलानं गाडी वढती व्हय? मुकादम म्हनतो, दुसरी गाडी लावतो. मग आमी हितं काय माशा मारायच्या?"

तिचं बरोबर होतं. बैल नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर अख्खा हंगाम बुडाला. मी गुन्हा दाखल केला.

लवकरच खबऱ्याचा फोन आला. बेलापूरच्या बाजूला एका गोठ्यात नवा बैल दिसतोय, शिंगं ताजी रंगवलेली. आता भर थंडीत शिंगं कोण रंगवतो? पोळा कधीच होऊन गेलेला! जोडप्याला घेऊन मी पथकासह तिथं पोहोचलो. त्यांनी बैल लगेच ओळखला. कानातला बिल्ला मात्र गायब होता. गोठ्याचा तरणा मालक ठाम.

"घरचा बैल हाय सायेब. वासरापासून वाढवलाय. उजवीकडं जुपतो."

मी शेतकऱ्याचाच मुलगा. बैलाला जुवाखाली एका बाजूची सवय लागली की ती सुटत नाही. मी त्याचीच गाडी पुढे घ्यायला लावली आणि बैल मोकळा सोडला. जोडप्याने फिर्यादीत सांगितलं होतं तसा तो सरळ डावीकडे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. हवालदार हसला. मालक म्हणतो, "जनावर हाय, कुठंबी जातंय." खरं सांगायचं तर एवढ्या पुराव्याची वकिलाने कोर्टात सालटी काढली असती.

ओट्यावर त्याचा बाप बसला होता. आता तो उठला.

"बैल आमचा न्हाई. मला म्हनला, पावन्याचा हाय, बाजारापत्तुर बांधलाय. आन् आता म्हनतो वासरापासून वाढवला!"

"आबा, गप बसा!"

"गप बसाया मी काय दगड हाय?"

पोरगा तिथंच खचला. पिकअपमध्ये घालून बैल आणल्याचं त्याने कबूल केलं. पंचनामा झाला, बैल मुद्देमाल म्हणून जप्त झाला. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ताबा देता येत नाही, हे मी जोडप्याला समजावलं.

बाईचा चेहरा उतरला. "म्हंजी चोर घावला, तरी बैल न्हाईच?"

तेवढ्यात म्हाताऱ्याने आपल्या दावणीचा डावीकडचा बैल सोडला आणि कासरा तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. "तुझा मिळंस्तवर ह्यो ने."

मी म्हणालो, "बाबा, तुमच्यावर बंधन नाही. न्याय कोर्ट करेलच."

"करू द्या की! न्याव तुमच्या येळंनं हुईल. माझ्या घरानं ह्याची जोडी मोडली, ती बघत बसू व्हय? त्यो माझा धरम हाय."

पुढे हुकूम आला, ज्याचा त्याला बैल मिळाला, हंगाम पार पडला. खटला उभा राहिला. म्हाताऱ्याचं समन्स अंमलदाराने बजावायचं, पण मीच गेलो. बघतो तर त्याच्या रानात नांगर धरलेला तोच ऊसतोडकरी, त्या बाईचा नवरा. गावी परतण्याआधी थांबला होता.

"पोरगा आत हाय, आबाचं रान कोन नांगरनार?" मग हळूच म्हणाला, "सायेब, तक्रार मागं घेता यंती का?"

"ते आता कोर्टाच्या हाती."

म्हातारा बांधावरून ओरडला, "आन् मी घिऊ बी देनार न्हाई!"

समन्सवर अंगठा दिल्यावर मात्र त्याने तारीख दोनदा विचारून घेतली.

न्यायाला फिर्याद लागते, पुरावा लागतो, तारीख लागते. न्याय हवाच, त्यासाठी मी आयुष्यभर खाकी घातली. पण तारखेपर्यंत त्या जोडप्याने जगायचं कसं, हे माझ्या कुठल्याच कलमात नव्हतं. ते म्हाताऱ्याला कोणी न सांगता कळलं.

त्याने साक्ष दिली, एक शब्द फिरवला नाही. मुलाला शिक्षा झाली. कोर्टाबाहेर मी म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, न्याय झाला." त्याने मान डोलावली आणि पिशवी पुढे केली.

"झाला, सायेब. आता पोराला न्यायच्या आधी भेटू द्याल? सकाळपास्नं उपाशी आसंल. भाकरी आनलीया."

मी त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेलो.