मुठीतलं सिम

आमच्या मोबाईलच्या दुकानातून, काउंटरवरच्या ताईंच्या हातून रिकामी परत गेलेली गिऱ्हाइकं मी अकरा वर्षांत पाच-सहाच पाहिली असतील. त्यातला एक तर विजेचं मीटर बघायला आलेला माणूस होता, आणि तोही जाताना मोबाईलचं कव्हर घेऊन गेला. म्हणजे त्याला यात धरायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

मी त्याच दुकानात मागच्या कोपऱ्यात बसतो. दुरुस्तीवाला. डोळ्याला भिंग, समोर दिवा, हातात चिमटा. ताई मला डॉक्टर म्हणायच्या. कुणी बंद पडलेला फोन आणला की काउंटरवरून हाक यायची, "डॉक्टर, पेशंट वाचतोय का?" गिऱ्हाईक हसायचं. मी काय बोलायचं ते आमचं ठरलेलं होतं. ताईंचा डावा हात काउंटरवर असला तर "वाचतोय". उजवा असला तर "बोर्ड गेलाय, पैसे घालवू नका." खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा उजवाच असायचा.

ताई त्याआधी दारोदार फिरून साबणाची पावडर विकायच्या. नवरा केव्हाच घर सोडून गेलेला, एक मुलगी, लॉन्ड्रीच्या वर भाड्याच्या दोन खोल्या. त्या सांगायच्या, "दार उघडलं की आधी चप्पल आत सरकवायची. पाय आत असला की दार लागत नाही, आणि दार लागलं नाही की माणूस ऐकतो." दुकानात दाराचा प्रश्नच नव्हता, तेव्हा त्यांनी सिमचा शोध लावला. गिऱ्हाईक बसलं, पाणी दिलं, "बघू तुमचा फोन" म्हटलं की पहिल्यांदा टाचणीने त्यातलं सिम काढायचं आणि मुठीत धरायचं. मूठ उघडी ठेवायची नाही. सिम मुठीत असलं की माणूस उठून जात नाही, पुढच्या दुकानात भाव विचारून येतो म्हणत नाही. मालकांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी सगळ्या नव्या पोरापोरींना ती शिकवायला लावली. "आधी सिम, मग नमस्कार," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ताई वाईट होत्या का? मला कुणी विचारलं तर मी अजूनही नाहीच म्हणेन. डब्यातला अर्धा घास मला द्यायच्या. माझी बायको आजारी होती तेव्हा रोज संध्याकाळी विचारपूस करायच्या. पण महिनाअखेरीला भिंतीवरच्या विक्रीच्या कागदात आपलं नाव सगळ्यात वर नसेल तर मालक चारचौघांत काय बोलतात, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. पोटासाठी माणूस बरंच काही शिकतो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शिंपीकाका आले. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं मशीन असायचं, पायजम्याच्या नाड्या आणि पिशव्यांच्या चेन बदलून द्यायचे. कॉलरला नेहमी एक सुई टोचलेली. फोन पुढे करत म्हणाले, "चार्ज होत नाही हो. बॅटरी अकरा टक्के राहिलीय. एवढं जरा बघा. दवाखान्यातून फोन यायचाय."

त्यांची बायको चार दिवस एका लहानशा दवाखान्यात होती आणि तिचा श्वास काही सुधारत नव्हता. मुलगा तिच्याजवळ बसून होता. मोठ्या दवाखान्यात श्वासाच्या यंत्राची खाट रिकामी होणार होती. काका पहाटेपासून तिथल्या रांगेत उभे राहून अर्ज भरून आले होते, म्हणून अर्जावर नंबर त्यांचा. खाट मोकळी झाली की फोन करू, अर्ध्या तासात होय म्हणा, नाहीतर पुढच्याला देऊ, असं तिथे बजावून सांगितलं होतं. हे सगळं काकांनी ताईंना सांगितलं. मी तीन हातांवर होतो, मीही ऐकलं.

ताईंनी सिम काढलं आणि फोन माझ्याकडे दिला. मी भिंगातून चार्जिंगच्या खाचेत पाहिलं. आत कापसाचा आणि दोऱ्यांचा बोळा बसला होता. शिंप्याच्या खिशातला फोन, दुसरं काय असणार? दोन मिनिटांचं काम होतं. सुईने उकरून काढला असता तर फोन तिथल्या तिथे चार्जिंग घ्यायला लागला असता. काकांच्या स्वतःच्या कॉलरच्या सुईनेसुद्धा ते झालं असतं.

मी वर पाहिलं. ताईंचा उजवा हात काउंटरवर होता.

"बोर्ड गेलाय," मी म्हणालो.

"बघा, काका!" ताई म्हणाल्या. "एवढा मोलाचा फोन यायचाय आणि तुम्ही या डब्याच्या भरवशावर? वहिनींसाठी तरी नवीन घ्या." काकांचा चेहरा पडला. मुकाट्याने त्यांनी मान डोलावली. वहिनींसाठी म्हटल्यावर तो माणूस नाही कसा म्हणणार होता? तेवढ्यासाठीच ताईंनी ते वाक्य टाकलं होतं. मी फोन ताईंकडे परत सरकवला.

मग आमचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. हे मॉडेल नको, ते बघा. हप्त्याचा अर्ज. काचेवरची काच. दोन वर्षांचं संरक्षण, ते घ्यावंच लागतं (लागत नाही). जुन्या फोनमधले नंबर नव्यात घालायचे. काकांनी दोनदा विचारलं, "सिम आधी घालता का? फोन येईल." दोन्ही वेळा ताई म्हणाल्या, "हे काय, झालंच." मूठ मिटलेलीच होती. सिम बसून फोन सुरू झाला तेव्हा बारा वाजत आले होते.

काका नवा फोन घेऊन बाहेर आमच्याच पायरीवर बसले. दोन्ही हातांत धरून, पडद्याकडे बघत. पाऊण तास बसले असतील. मला वाटलं, अजून यायचाय तर फोन. माझं काम चालू होतं, मी पुढचा पेशंट उघडला.

महिन्याभराने ते परत आले. वाळून गेले होते. कॉलरला सुई नव्हती. ताईंसमोर बसून म्हणाले, "ताई, एक काम होतं. आधी येऊन गेलेले फोन यात दिसतात का?"

"कधीचे, काका?"

"फोन घेतला त्या दिवशीचे. दवाखानेवाले म्हणतात, आम्ही दोनदा लावला, तुम्ही घेतला नाही. मुलगा संध्याकाळी तिथे गेला तेव्हा खाट दुसऱ्याला दिलेली. तिसऱ्या दिवशी ही गेली. मी हातातच धरून बसलो होतो हो. मुलगा म्हणतो, तुम्हाला ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने कान चांगले आहेत. तेव्हापासून मुलगा बोलतच नाही माझ्याशी. कान चांगले, तर मग तुमचं लक्ष कुठे होतं, एवढंच म्हणाला."

ताईंनी फोन घेतला. जाहिरातींच्या ढिगाखाली कंपनीचे दोन संदेश होते. अकरा एकतीसला एक फोन येऊन गेला, अकरा अडतीसला दुसरा, तेव्हा आपला मोबाईल बंद होता. संदेश इंग्रजीत, काकांना ते वाचता येण्यासारखं नव्हतं. मी खुर्चीतून उठून डोकावलो, मलाही दिसलं. ताईंचा अंगठा त्या ओळींवर होता. पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? मी मनातल्या मनात म्हणत होतो, पुसा, ताई, पुसा. हेही सांगून टाकतो.

"काका," त्या म्हणाल्या, "फोन वाजलाच नाही. तुमचं सिम तेव्हा माझ्या मुठीत होतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ. आणि तुमचा जुना फोन बिघडलाच नव्हता. मला विकायचा होता म्हणून मी विकला."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

काका म्हणाले, "म्हणजे मला ऐकू येतं." पुन्हा एकदा तेच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला तिकडे बघवेना. "हे माझ्या मुलाला सांगाल का?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "आजच सांगते."

तेवढ्यात गल्ल्यावरून मालक उठून आले. "अहो, ताईंची तब्येत बरी नाही, काहीही बोलतायत. द्या काका, मी बघतो," म्हणत त्यांनी फोन काढून घेतला, पडद्यावर दोन-तीनदा बोट फिरवलं आणि हसत परत केला. संदेश गेले. तासाभरात ताईंची नोकरीही गेली, अकरा वर्षांचा डबा आणि छत्री घेऊन त्या निघाल्या. जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. "डॉक्टर, मुलगा माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी त्याला तुमचं नाव सांगेन. तुम्ही फक्त खरं ते बोला."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. टेम्पो चालवणारा, दांडगा, डोळे जागरणाने लाल. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "ती बाई म्हणते सिम अर्धा तास तिच्याकडे होतं. तुम्ही इथेच बसता ना? खरं आहे का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला होय ऐकायचं होतं, हे माझ्यासारख्या मठ्ठालाही कळलं.

मालक त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते. माझं वय चोपन्न. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, हे मालकांना अजून माहीत नाही. मला दुसरीकडे कोण ठेवणार?

"रोज पन्नास गिऱ्हाइकं येतात," मी म्हणालो. "कुठलं लक्षात राहणार? सिम काय, मिनिटभरच निघतं."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "बापाने रडून दाखवलं असेल, बाईला दया आली." आणि गेला.

ताई आता त्यांच्या घराखालच्या लॉन्ड्रीत इस्त्री करतात. मागे एकदा मी तिथून जात होतो तर आतूनच हाक आली, "डॉक्टर, पेशंट वाचला का?" मी थांबलो. इस्त्री उभी करून त्या बाहेर आल्या. "मुलगा आला होता ना? सांगितलंत ना त्याला?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "निदान तेवढं तरी झालं." हसल्या आणि कामाला लागल्या. माझ्या खोटेपणाची मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. तरी मी मागे वळलो नाही.

शिंपीकाका मात्र येतात. आठ-पंधरा दिवसांनी, दुपारी गर्दी नसताना. काउंटरवर नवी मुलगी असते, ती सवयीने सिम काढायला टाचणी उचलते, तर तिला हातानेच नको म्हणून माझ्याकडे येतात. "ताई फार चांगल्या होत्या हो," एकदा म्हणाले. "माझं मन राखायला सगळं स्वतःवर घेतलं. मुलाने सांगितलं मला." मग फोन माझ्या टेबलावर ठेवतात, दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहतात आणि म्हणतात, "एक रिंग मारता का?"

मी माझ्या फोनवरून लावतो. त्यांचा वाजतो. ते वळून म्हणतात, "आला ऐकू." मग चार पावलं आणखी लांब जातात, रस्त्यापर्यंत, आणि तिथून हात वर करतात. मी पुन्हा लावतो.