उलटा पेला आणि दोन फोन

आमच्या शेजारचे साहेबराव भाऊजी खोली भाड्याने देताना पोराला दहावीचे मार्क विचारत नाहीत. विचारतात, "फोन कोणता हाय?"

अख्खं लातूर शिकवणीच्या पोरांचे फोन काढून घेतं. आईबाप बटनांचं डबडं हातात देतात आणि निश्चिंत होऊन गावी जातात. हे एकटेच घरमालक, ज्यांना खोलीत एक तरी अँड्रॉइड लागतो. रेणापूरचा एक बाप तर "माणूस वाया गेलेला दिसतो" असं पुटपुटत जिना उतरला. मी गॅलरीतून ऐकलं. मी सगळंच ऐकते.

त्या बापाला काय माहीत. भाऊजी त्र्याण्णवच्या भूकंपातले. किल्लारीकडच्या एका खेड्यात त्यांची आई झोपेतच गेली. हे खळ्यावर राखणीला होते म्हणून वाचले. पुढे वीज मंडळात लागले, लातुरात दुमजली घर बांधलं. वर शिकवणीची पोरं, खाली त्यांची बायको धुरपताबाई, आणि हे स्वतः अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये. स्लॅबखाली यांना डोळा लागत नाही. उशाशी पितळी ताट, ताटात तांब्या, तांब्यावर उलटा पेला. जमीन हलली की पेला ताटात पडणार. एकदा मांजराने पाडला, तर सगळी गल्ली रस्त्यावर. कुणी भाऊजींना बोललं नाही. आमच्या वयाचे सगळेच अनवाणी पळत आलेले, कोण कुणाला हसणार.

मग वरच्या एका पोराने सांगितलं, अँड्रॉइड फोन भूकंपाचा इशारा देतो. तेव्हापासून भाऊजी फोनचे पंडित झाले. भिंतीवरून माझी शिकवणी सुरू.

"वहिनी, आयफोनचा फोटो चांगला, मान्य. लई वर्षं टिकतो, मान्य. तुमच्या अँड्रॉइडवानी मधीच बंद पडत न्हाई, ते बी मान्य."

"मग घ्या की."

"भूकंपाचं सांगत न्हाई इथं."

"अन् अँड्रॉइड दर वेळी सांगतो का? नेट नसलं तर तो बी गप."

"कधी तरी सांगतो ना. तेवढं बास."

"तुमचा पेला तर फक्त मांजराचं सांगतो," मी म्हटलं. ते हसले, पण पेला काही काढला नाही.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला रूपाली आली. त्यांची एकुलती लेक, इथल्याच शिकवणीतून डॉक्टर झालेली. पुण्यात दवाखान्यात नोकरी, नवव्या मजल्यावर राहणं. येताना दोन आयफोन आणले. एक स्वतःला, एक बापाला. मी साखर मागायला गेले. साखर होती घरात, पण ते दोन डबे दिसले होते ना.

भाऊजींनी डबा उघडलाच नाही. लेकीच्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाले, "जुना कुठं हाय तुझा?"

"आहे बॅगेत. सारखा बंद पडतो बाबा. दवाखान्यातून फोन आला अन् लागलाच नाही तर? पेशंट असतात माझे."

"इशारा देतो त्यो."

"भाऊजी," मी म्हटलं, "पोरगी डॉक्टर हाय, तिला बी थोडी अक्कल असंल."

"काकू, तुम्हीच सांगा यांना." रूपालीचा आवाज चढला. "बाबा, इशारा आला तरी नवव्या मजल्यावरून मी पळू कुठं? जिना उतरेपर्यंत सगळं होऊन जाईल."

भाऊजी बोटांवर मजले मोजू लागले. इतकी वर्षं पेला मांडला, पण हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता. ते स्वतः जमिनीलगत झोपतात ना.

शेवटी म्हणाले, "पळू नको. टेबलाखाली बस. पर जागी हो, बाई. माझ्या आईला कुणी उठवलंच न्हाई."

रूपाली बापाजवळ जाऊन बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. धुरपताबाई चहा ठेवायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी बिनसाखरेची घरी आले.

परवा भाऊजींनी भिंतीवरून नवा आयफोन माझ्यापुढे धरला. "बघा वहिनी, चेहरा कसा सपष्ट दिसतो." पडद्यावर रूपाली होती. तिने फोन फिरवून आपली खोली दाखवली. उशाशी चार्जरला लावलेला जुना अँड्रॉइड, आणि त्याच्या शेजारी ताट, तांब्या, उलटा पेला.

"काकू, इथं मांजर नाही," ती म्हणाली. "बिनधोक आहे."

भाऊजींचा जुना अँड्रॉइडही शेडमध्ये उशाशी आहेच. फरक एवढाच की आता ते घोरतात. पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. भिंत ओलांडून आमच्या घरात येतो आवाज, आणि त्याचा इशारा कुठलाच फोन देत नाही. मी तक्रार करणार होते. राहू दे म्हटलं.