ट्रान्सफरचं लॅटिन

बदल्यांचे किस्से सांगायला लागलं की संपत नाहीत. माणसं रिटायर होतात, किस्से मात्र सर्व्हिसमध्येच राहतात! आमच्या ऑफिसचं तर विचारूच नका. आमच्याकडे एकट्यादुकट्याची नाही, राजधानीचीच बदली झाली. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि तिच्या मागोमाग आम्ही कारकून.

आमचे सुपरिंटेंडेंट दाणीसाहेब. शब्दाचं कूळ काढल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी म्हणाले, "ट्रान्सफर! मूळ लॅटिन. ट्रान्स म्हणजे पलीकडे, फेर्रे म्हणजे वाहून नेणे."

"मग आपण कोण, साहेब? वाहणारे?" मी विचारलं.

"आपण लगेज!"

*

हुकूम होता, सगळं सामान जसंच्या तसं हलवा. आम्ही नागपूरकर, हुकूम म्हणजे हुकूम! भोपाळला खोकी उघडली तर एकातून केराची टोपली निघाली. आत नागपूरचा केर, शाबूत! साहेबांनी ती आपल्या टेबलाखाली ठेवून घेतली. केर बरेच दिवस कोणाला टाकू दिला नाही.

*

शेजारच्या टेबलावर खानसाहेब बसत. जुने भोपाळी, पानाशिवाय तोंड न उघडणारे. साहेबांनी त्यांना लॅटिन ऐकवलं, तर म्हणाले, "दाणी साहब, हमारे यहाँ इसे तबादला कहते हैं. अरबी के 'बदल' से बना है. आपकी 'बदली' भी वहीं से आई. मतलब, कुछ लो, कुछ दो. भोपाल तो आपको मिल गया, बदले में दिया क्या?"

"नागपूर दिलं की!"

खानसाहेबांनी पानाची डबी पुढे सरकवली. "तब तो महँगा पड़ा."

*

दाणीवहिनींनी मात्र ही बदली मानलीच नाही. साहेबांनी परत नागपूरला जाण्यासाठी अर्ज केला होता. त्याचं उत्तर येईपर्यंत घर लावायचं नाही, असा वहिनींचा पण! शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये खोकी दोरीसकट तशीच. पाहुणे खोक्यांवर बसत. बाहेर काढलेलं पातेलं एकच, त्यात रोज पिठलं नाहीतर खिचडी.

खानसाहेबांचं बिऱ्हाड शेजारीच. त्यांच्या बेगम सारखं काहीतरी पाठवत, कधी शेवया, कधी फिरनी. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायची वहिनींकडे रीत नाही, आणि खिचडी भरून द्यायची लाज. वाडगे साठत गेले! शेवटी बेगम स्वतःच आल्या. "भाभी, एक बात पूछूँ? हमारे बर्तन भी आपके साथ नागपुर जाएँगे क्या?"

वहिनी पोट धरून हसल्या. भोपाळला आल्यापासून पहिल्यांदाच, असं साहेबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं.

*

आणि एके दिवशी ऑर्डर आली. नागपूर! साहेब चहा अर्धा टाकून सायकलवर निघाले, मला कॅरिअरवर घेऊन. वहिनींचा चेहरा बघायला साक्षीदार हवा होता म्हणे! दारातूनच ओरडले, "अगं, आली! परत जायचंय!"

वहिनींनी ऑर्डर वाचली. पुन्हा वाचली. मग पदर खोचला, सुरी घेतली आणि पहिल्या खोक्याची दोरी कापली. आतलं एकेक भांडं पुसून, टाचा उंचावून भिंतीवरच्या फळीवर मांडायला लागल्या. पातेली, परात, पुरणयंत्र.

साहेब बघतच राहिले. "अगं, आता कशाला काढतेस? जायचंय ना?"

"ते बघू," वहिनी म्हणाल्या. "आधी ही फळी जरा खाली घ्या. माझा हात पोचत नाही."