आठ साहेब आणि एक दाढ

त्या कार्यालयात अधिकारी आठ होते आणि संगणकही आठ. पण आठही संगणकांवर काम करणारा माणूस एकच होता, आणि तो अधिकारी नव्हता. तो आवकजावक कारकून होता. आलेलं टपाल नोंदवायचं, गेलेलं टपाल नोंदवायचं, एवढंच त्याच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं. सगळे त्याला टपालराव म्हणत, खुद्द साहेबसुद्धा.

सहा वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाचा हुकूम आला की यापुढे फाइल कागदावर फिरणार नाही, संगणकावर फिरेल. प्रत्येक अधिकाऱ्याला स्वतःचं खातं मिळालं, पासवर्ड मिळाला. टपालरावांना मिळाला नाही, कारण नव्या पद्धतीत टपाल उरणारच नव्हतं. पहिल्या दिवशी साहेबांनी दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि हाक मारली.

"टपालराव, आजच्या दिवस तुम्ही करा जरा. उद्यापासून मी बघतो."

दुपारपर्यंत उरलेल्या सातांच्या पासवर्डच्या चिठ्ठ्याही टपालरावांच्या खिशात आल्या. साहेबांचा तो उद्या अजून उजाडायचा होता.

टपालराव हिशेबी माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःपुरता नियम घालून घेतला. फाइल ज्याची त्याला मोठ्याने वाचून दाखवायची, त्याने मान हलवली की मगच बटण दाबायचं. निर्णय त्यांचा, बोट आपलं. बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी साहेबांच्या खोलीतून सुरुवात, मग ज्येष्ठतेच्या क्रमाने पुढे. कुठलीही फाइल तीन दिवसांवर अडकू द्यायची नाही.

उपसाहेबांना शंका काढल्याशिवाय चैन पडत नसे. ते म्हणत, "लिहा, मागचा संदर्भ दिसत नाही." टपालराव उपसाहेबांच्या खात्यातून तसं लिहीत, उठत, तीन टेबलं ओलांडून विभागप्रमुखांच्या खुर्चीत बसत आणि त्यांच्या खात्यातून उत्तर देत, "संदर्भ पान चारवर आहे, कृपया पाहावे." एकदा हे चार फेऱ्या चाललं. भाषा चढत गेली. त्या संध्याकाळी टपालराव धुसफुसतच घरी आले.

"कोणाशी भांडलात?" बायकोने विचारलं.

टपालरावांनी बराच विचार केला, पण नाव सांगता येईना.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा लागे, आणि जुना शब्द पुन्हा चालत नसे. आठ खाती, वर्षाला बत्तीस शब्द. दुसऱ्या कुणाची दमछाक झाली असती. पण टपालरावांच्या घरी वडील होते. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, आयुष्यभर टायपिस्ट म्हणून काम केलेले, आणि रोज सकाळी एक नवीन दुखणं सांगणारे. गुडघेदुखी, कंबरदुखी, मोतीबिंदू, मुंग्या, उचकी. शब्दांचा तुटवडा कधी पडला नाही.

वडिलांचे हात आता थरथरत. रोज सकाळी साडेसातला टपालराव त्यांना खिडकीपाशी बसवून त्यांची दाढी करून देत. वस्तरा दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेला म्हाताऱ्याला खपत नसे. न्हाव्यालाही एकदा हाकलून लावलं होतं.

"तुमच्या त्या यंत्राचा आवाज येत नाही," वडील साबण लावलेल्या तोंडाने म्हणत. "आवाज नाही तर काम चाललंय हे साहेबाला कळणार कसं?"

"बोलू नका, कापेल."

"मग तू कशाला बोलतोस?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच घात झाला. कार्यालयाची आकडेवारी इतकी सुंदर दिसू लागली की वरच्या कार्यालयाचं लक्ष गेलं. एक फाइल आली. आपल्याकडील सर्व कामकाज शंभर टक्के संगणकावर होत असल्याने आवकजावक कारकुनाची जागा अनावश्यक ठरते. सदर कर्मचाऱ्यास मध्यवर्ती अभिलेख भांडारात पाठवण्यास कार्यालयप्रमुखांनी मान्यता द्यावी.

भांडार चार तासांच्या अंतरावर होतं. म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं आणि आठवड्यातून एकदा घरी यायचं. बाकीचे सहा दिवस वडिलांच्या गालावर वस्तरा कोण फिरवणार?

फाइल साहेबांच्या खात्यात येऊन पडली. ती वाचून दाखवायला टपालरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा दुसरीच फाइल वाचली. पहिले तीन दिवस गेले. मग दहा. परत पाठवण्याचं बटणही तिथेच होतं, आणि साहेबांचा पासवर्ड त्यांच्या जिभेवर होता. पण साहेबांनी मान हलवल्याशिवाय बोट हलवायचं नाही हा नियम सहा वर्षं पाळलेला. मोडायचा कसा? टपालरावांना जेवण गोड लागेना.

तेविसाव्या दिवशी विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. विकसनशील देशांतली सरकारी कार्यालयं नवं तंत्रज्ञान कसं आपलंसं करतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. अभ्यासातल्या दोनशे कार्यालयांत हे पहिलं आलं होतं. साहेब खूश झाले. त्यांनी नवा टेबलक्लॉथ घालायला लावला आणि बाईंना माहिती द्यायला, अर्थातच, टपालरावांना बसवलं.

बाईंनी लॅपटॉप उघडून एक आलेख दाखवला.

"तुमच्याकडचे अधिकारी फार शिस्तीचे आहेत. आठही जण कधीच एका वेळी काम करत नाहीत. एक थांबला की दुसरा सुरू होतो."

"रांगेची सवय आहे, मॅडम," टपालराव म्हणाले.

"आणि साडेअकराला सगळे एकदम थांबतात."

"चहा."

"बरं. मागच्या वर्षी एक मंगळवार आहे. त्या दिवशी संपूर्ण कार्यालय शून्यावर. वीज गेली होती का?"

"नाही."

"मग काय झालं होतं?"

टपालराव खोटं बोलण्यात कच्चे होते. "दाढ काढली."

"कोणाची?"

"माझी."

बाईंनी आलेखाकडे पाहिलं, मग टपालरावांच्या गालाकडे पाहिलं. पुन्हा आलेखाकडे पाहिलं.

"तुमची दाढ काढली आणि आठ अधिकारी बंद पडले?"

टपालरावांनी टेबलक्लॉथची सुरकुती सरळ केली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांना बरेच कष्ट पडत होते.

"काळजी करू नका, माझ्या अहवालात ना माणसाचं नाव असतं ना कार्यालयाचं. फक्त एक शेवटचं. सहा वर्षांत एकही फाइल तीन दिवसांवर राहिलेली नाही. ही एकच राहिली आहे. तेवीस दिवस. असं काय आहे हिच्यात?"

"साहेब विचार करताहेत," टपालराव म्हणाले.

"मला साहेबांना विचार करताना बघायचंय."

साहेब मोठ्या ऐटीत संगणकासमोर बसले. बाई शेजारी, टपालराव मागे उभे. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी आल्या. साहेबांनी दोन्हीकडे ओळखीचा माणूस भेटल्यासारखं पाहिलं आणि मागे न वळता हळूच विचारलं, "टपालराव, ते आपलं काय ते?"

"दाढदुखी, साहेब. पुढे चार."

"हा माझा पासवर्ड आहे?"

"आपलाच. याच्या आधी मूळव्याध होता."

दारात जमलेले बाकीचे सात अधिकारी खाली पाहू लागले. बहुधा आपल्या वाट्याला काय आलं असेल याचा अंदाज घेत असावेत.

साहेबांनी फाइल उघडली आणि सहा वर्षांत प्रथमच एक फाइल स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. वाचता वाचता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे तुम्हाला पाठवताहेत?"

"हो, साहेब."

"आणि मी मान्यता द्यायची?"

"तेवीस दिवस झाले."

"मग तुम्ही दिली का नाहीत?"

बोलून गेल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. बाईंनी वहीत काही लिहिलं नाही, एवढा चांगुलपणा दाखवला.

"बाकीच्या फायली तुम्हाला वाचून दाखवतो, साहेब," टपालराव म्हणाले. "ही वाचायला गेलो की दुसरीच वाचून व्हायची. वडिलांचं सगळं माझ्यावर आहे. पण तुम्ही मान हलवलीत तर आत्ता बटण दाबतो."

साहेबांनी मान हलवली नाही. मान हलवण्याची किती भीती वाटावी, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी माउस धरला आणि बाण 'परत पाठवा'वर नेला. तिथे आणखी एक चौकट उघडली. कारण नमूद करा, किमान शंभर अक्षरं.

टपालरावांचे हात शिवशिवले. ते पुढे झाले.

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांनाच करू द्या."

साहेब एका बोटाने लिहू लागले. अक्षर शोधायचं, सापडलं की दाबायचं, दाबलं की वर पाहायचं. पहिल्या वेळी त्यांनी "उपरोक्त विषयास अनुसरून" इथपर्यंत मजल मारली, तेवढ्यात बराच वेळ हालचाल नाही म्हणून संगणकाने त्यांना बाहेर काढलं. पुन्हा दाढदुखी. दुसऱ्या वेळी "उपरोक्त" नंतरच बाहेर. तिसऱ्या वेळी साहेबांनी सरकारी भाषा सोडून दिली. घाम पुसत त्यांनी लिहिलं, "हा माणूस गेला तर कार्यालय बंद पडेल. मागच्या वर्षी एक दिवस पडले होते. खोटे वाटत असल्यास समक्ष येऊन पाहावे. आम्ही शिकत आहोत. वेळ लागेल." अक्षरं शंभराच्या वर भरली, वेळ एकेचाळीस मिनिटं. बटण दाबल्यावर दारातल्या सातांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठताना म्हणाल्या की दोनशे कार्यालयांच्या माहितीत ही एकेचाळीस मिनिटं त्यांना सगळ्यांत खरी वाटतात.

पुढचे दोन दिवस सगळं लक्ष वरच्या उत्तराकडे होतं, तेव्हा टपालरावांनी वडिलांचा गाल कापू नये म्हणून वस्तरा फार सावकाश चालवला. तिसऱ्या दिवशी फाइल वरून परत आली. जागा पुढील आदेशापर्यंत कायम. टपालरावांनी वेळ पाहिली. फाइल तिथून परत निघाली होती दहा वाजून वीस मिनिटांनी. मग त्यांनी वरच्या कार्यालयाची मागची उत्तरं काढून पाहिली. सगळी तीन दिवसांच्या आत, आणि साडेअकरानंतर पंधरा मिनिटं चिटपाखरू नाही.

तिथेही आपल्यासारखा कोणीतरी होता. टपालरावांनी पडद्याला हलकेच नमस्कार केला.

त्या दिवसापासून साहेब रोज एक फाइल स्वतः वाचतात आणि स्वतःच बटण दाबतात. त्यात अर्धा तास जातो, आणि तेवढा वेळ टपालरावांना हात मागे बांधून उभं राहावं लागतं. सहा वर्षांतलं सगळ्यांत अवघड काम हेच, असं ते बायकोला सांगतात.

तिमाही संपली तेव्हा सकाळी वडिलांच्या हनुवटीला साबण लावता लावता त्यांनी विचारलं, "आज काय दुखतंय?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून अंगभर चाचपणी केली.

"आज काहीच नाही रे."

"असं कसं चालेल? बघा, नीट आठवून बघा. साहेबांना नवीन शब्द लागतोय."