कंपनीच्या माणसांचा नळ

माझा हात जळत होता आणि पाटणकर साहेबाने नळ बंद केला.

मुलुंडच्या एका कारखान्यात मी पिंपं धुवायला होते. तेजाबाची रिकामी पिंपं. रिकामी आपली म्हणायला. तळाशी बोटभर राहिलेलं असायचंच. आत पाणी सोडलं की फसफसून वर उसळायचं. त्या दिवशी उसळलं ते माझ्या उजव्या हातावर आलं, मनगटापासून कोपरापर्यंत. आधी नुसतं ओलं लागलं. मग आग.

सगळ्यात जवळचा नळ खात्याच्या व्हरांड्यात होता. पांढरं बेसिन, वर साबणाची वडी. मी धावत गेले, नळ सोडला, हात खाली धरला. पाणी पडतंय न पडतंय तोच मागून एक हात आला आणि त्याने तोटी पिळली.

पाटणकर. खात्याचा सुपरवायझर.

"कोणाची तू?"

"बाबूशेठची. ठेक्यावरची."

"मग ठेकेदाराच्या पाण्यावर जा. हा नळ कंपनीच्या माणसांचा आहे."

"साहेब, हात जळतोय."

"ओरडू नकोस. चल, हो बाजूला."

ठेकेदाराचं पाणी म्हणजे कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला एक हौद. मी पळत सुटले. मागून त्याचा आवाज आला, शिपायाला सांगत होता, "बेसिन सोड्याने धुऊन घे रे."

तेजाबासाठी नाही. पिंपं धुणाऱ्या आम्ही सगळ्या कुठल्या वस्तीतून येतो, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. कंपनीचे पाच-सहा कामगार हात धुवायला रांगेत उभे होते. त्यांच्या कमरेला रबरी हातमोजे खोचलेले. एकही जण बोलला नाही. तेही मी विसरलेले नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. बाप आम्हाला चिपळूणकडून घेऊन आला होता. घाटकोपरच्या टेकडीवर पत्र्याची खोली. बापाने हट्टाने मला चौथीपर्यंत शिकवलं, नंतर तो गेला आणि मी कामाला लागले. शेजारची चंद्रामावशी मला बाबूशेठकडे घेऊन गेली. ती सहा वर्षं पिंपं धूत होती. मला तिने पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर गोणपाट हाताला कसं गुंडाळायचं. हातमोजे, गमबूट, डोळ्यांचे चष्मे हे कंपनीच्या माणसांना. आम्हाला गोणपाट. तेजाब गोणपाटातून आत झिरपायचं आणि तिथेच बसून राहायचं.

मावशीने एकदा बाबूशेठकडे चष्मा मागितला. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत ठेके घेणारा माणूस. तोंडात सदा पान.

"चष्मा लावून काय बघणार गं म्हातारे? नवरा?"

सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

दोन आठवड्यांनी उसळलं ते मावशीच्या डोळ्यांत गेलं. ती जमिनीवर लोळत होती. मी हौदाचं पाणी आणून आणून मारत होते. कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टर बसलेला होता, दार उघडं होतं. पाटणकर तिथेच उभा राहून बाबूशेठला म्हणाला, "ही आमची नाही. इथून हलव. मागच्या गेटाने." हातगाडीवर घालून तिला मागच्या गेटाने बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बाबूशेठ सगळ्यांना सांगत होता, ती घरी चुलीवर पडली.

एक डोळा गेला. दुसऱ्याने उजेड कळतो, माणूस कळत नाही.

त्या आठवड्यात मी हजेरीच्या टाइम ऑफिसच्या भिंतीवरचा कागद वाचला. रोज त्याच्यासमोरून जात होते. बारीक अक्षरात, मराठीत छापलेला, काचेमागे. कारखान्याचा कायदा. दरवान म्हणाला, "काय गं, लग्नाची पत्रिका आहे काय?" मी वाचत राहिले. निम्मं कळलं नाही. पण एक कळलं. ज्याला थेट कामावर ठेवलं तोही कामगार आणि ज्याला कोणामार्फत ठेवलं तोही कामगार. दोघांत फरक नाही.

मी ते पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणजे नळ माझा होता. मोजे माझे होते. दवाखाना मावशीचा होता. हे सगळं पाटणकरला माहीत होतं. त्याच्याच कंपनीच्या भिंतीवर होतं ते. आम्हाला वाचता येत नाही, याच भरवशावर त्यांनी ते काचेत लावलं होतं.

त्या क्षणी मला रडू आलं नाही. बरं वाटलं. कुणावर राग धरायचा ते नीट कळलं.

महिन्याभराने एका सकाळी पाटणकर स्वतः हौदाकडे आला. मागे शिपाई, त्याच्या हातात खोका. आम्हा नऊ बायांना नवे हातमोजे, नवे चष्मे. आतून पावडर लावलेले मोजे. माझा हात त्यात सरकन गेला.

"फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय," तो म्हणाला. "कोणी काही विचारलं तर मान हलवायची. तो गेला की सगळं परत खोक्यात. एकही कमी व्हायला नको."

इन्स्पेक्टर दुपारी आला. उंच, घामाघूम माणूस, हातात वही. पाटणकर त्याच्या उजवीकडे, बाबूशेठ डावीकडे. आमच्यापाशी थांबून तो म्हणाला, "काय बाई, मोजे मिळतात ना?"

"सगळ्यांना देतो साहेब," पाटणकर म्हणाला. "आमच्याकडे आपलं-परकं नाही."

मी मोजा काढला. हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळून, डागाळून गेलेली.

"हे मोजे आज सकाळी मिळाले. तुम्ही गेलात की परत द्यायचेत. एक बाई आंधळी झालीय, तिला मागच्या गेटाने टाकून दिली. घर दाखवते, चला."

बाबूशेठ हसला. "ही वेडी आहे साहेब. नवीन आहे."

"दोन वर्षं आहे," मी म्हटलं. "विचारा या बायांना."

 मग एकीने मोजे काढून खाली टाकले. मग दुसरीने. मोजे एकेक करून खाली पडत होते. पाटणकरचं तोंड पांढरं पडलं. ते तोंड मी पोटभर बघून घेतलं.

इन्स्पेक्टर वहीत लिहायला लागला. "नाव सांग."

सांगितलं. मग म्हटलं, "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

त्याने वर पाहिलं. वाचून दाखवलं. मावशीचं राहिलं होतं. मी म्हटलं, "तेही लिहा." त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दरवानाने मला गेटावरच अडवलं. ते मी धरूनच चालले होते.

इन्स्पेक्टरने कंपनीवर खटला भरला. तारखेच्या आदल्या रविवारी पाटणकर टेकडी चढून माझ्या खोलीवर आला. धापा टाकत होता. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "तुम्हाला कंपनीच्या मस्टरवर घेतो. कायम. मोजे, गमबूट, सगळं मिळेल. फक्त एवढं म्हणा, की ती घरी पडली."

पहिल्यांदाच त्याने मला अहो-जाहो केलं. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला अजून हवं होतं.

"हे मला नको सांगू," मी म्हटलं. "शेजारी चल. मावशीला सांग. तिच्या तोंडावर सांग, तू घरी पडलीस."

तो दारापर्यंत आला. मावशी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती, बोटांनी चाचपून. "कोण आहे गं?" तिने विचारलं.

"पाटणकर आहे मावशी. तुला काहीतरी सांगायला आलाय."

तिने हात थांबवले. तोंड त्याच्याकडे केलं. थोडं चुकलं, भिंतीकडे झालं. तो वळला आणि टेकडी उतरायला लागला. उतरताना दोनदा घसरला. मी मागून हाक मारून म्हटलं, "सावकाश उतर. पडशील."

कोर्टात मी बोलले. मावशी बोलली. कंपनीला दंड झाला, कंपनीने भरला. मावशीचा डोळा आला नाही. बाबूशेठने वाकोल्याला नवं घर बांधलं. पाटणकरला काढलं असं सांगितलं गेलं, आणि बाया म्हणाल्या, झालं ना, जिंकलीस तू, आता सोड.

मी सोडलं नाही. पाटणकर अंधेरीच्या एका कारखान्यात लागलाय. आधीपेक्षा मोठ्या हुद्द्यावर. पिंपं धुवायला बाया तिथेही ठेक्यावरच आहेत, आणि ठेका बाबूशेठचा आहे.

परवा मी तिथे जाऊन आले. सुट्टी झाल्यावर बाहेर पडणाऱ्या बायांचे हात बघितले. गोणपाटाचे धागे अजून चिकटलेले होते. एका पोरीला विचारलं, "मोजे देतात का गं?" ती म्हणाली, "ते कंपनीच्या माणसांना."

मला त्याची माफी नको. त्याने पुन्हा कोर्टात उभं राहायला हवं. आणि तिथून सुटला तर पुढच्या कोर्टात. जितके कारखाने तो बदलेल, तितक्या गेटांवर मी असेन.

अंधेरीच्या मुकादमाला माणसं कमी पडतायत. त्याने उद्या सकाळी बोलावलंय. पिंपामागे उभी राहिले की पाटणकर मला ओळखणार नाही. पिंपामागच्या बाईच्या तोंडाकडे तो कधी बघतच नाही.

मुकादम नाव विचारील. मी माझं खरं नाव सांगणार आहे, कोर्टाच्या कागदावर आहे तेच. आडनावासकट.