चेअरवुमनची पाटी

माझ्या थोरल्या भावानं बायकोसाठी स्वतःहून काही आणलंय, असं मी कधी पाहिलेलं नाही. लग्नातली साडीसुद्धा आईनं निवडली होती. त्यामुळे गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या माझ्या पाट्यांच्या दुकानात येऊन तो म्हणाला, "बारक्या, तुझ्या वहिनीसाठी एक पाटी कर. पितळी. झकास," तेव्हा माझे कान उभे राहिले. संशय घेणं हा माझा जुना छंद आहे, आणि त्यासाठी सख्ख्या भावाइतकं चांगलं गिऱ्हाईक मिळत नाही.

"काय लिहू?"

"चेअरवुमन."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

आमचं गाव बिद्रीच्या पुढं. तिथल्या महिला दूध संस्थेची वहिनी चेअरमन झाली होती. पण आमच्याकडं अशी संस्था बायकांची असते आणि खुर्ची नवऱ्याची. सह्या वहिनी करायची. "राम राम, चेअरमन" दादाला मिळायचा, चहा त्याच्यापुढं यायचा, सभेत फेटाही त्याच्याच डोक्यावर चढायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, निदान पुरुषांना तरी.

"चेअरमनच लिहितो की," मी म्हटलं. "गाव तेच म्हणतंय."

"बाईमाणसाला मॅन कसं म्हणायचं? शाळा शिकलायस न्हवं तू?"

शिकलो होतो. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडं लायन, अ‍ॅक्टर, बुल, उजवीकडं लायनेस, अ‍ॅक्ट्रेस, काऊ. चाळीस पोरांनी एका सुरात ओरडायचं. दादा तेव्हा उजवी बाजू कधीच पाठ करायचा नाही. मग आताच त्याला त्या रेघेपलीकडची बाई का आठवली? मी पाटी केली, आणि पोचवायलाही स्वतःच गेलो. असा तमाशा दुसऱ्याच्या डोळ्यांनी कोण बघेल?

संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसात शिरलो आणि उलगडा झाला. दादाची गोल फिरणारी उंच खुर्ची होती तिथंच होती. तिच्यापासून लांब, खिडकीपाशी, एक नवं बारकं टेबल मांडलेलं. त्यामागं प्लास्टिकची खुर्ची. पाटी त्या टेबलावर जायची होती. म्हणजे चेअरवुमन खिडकीत बसणार, आणि चेअरमन हा शब्द दादासाठी सन्मानानं मोकळा होणार.

घरी जाऊन मी वहिनीपुढं पाटी ठेवली. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं पाटीकडं पाहिलं.

"भावजी, इंग्रजीत बाई चेअरमन झाली की तिची खुर्ची बारकी हुती का?"

"इंग्रजीत न्हाय. आपल्याकडं हुती."

"मला वाटलंच. मशीन भाईर काढायचं म्हटल्यापास्नं तुमचं दादा लईच गोड बोलाय लागल्यात."

मशीन म्हणजे दुधाचं फॅट मोजायचं; त्या आकड्यावरच दुधाचा दर ठरायचा. ते आतल्या खोलीत, पडद्याआड होतं. बायका बाहेर किटल्या घेऊन उभ्या राहायच्या आणि सचिव आतून आकडा ओरडायचा. तो आकडा कुणालाच पटत नव्हता. एकीची म्हैस तीच, वैरण तीच, पण आकडा रोज घसरलेला. मशीन बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ठेवीन, असा शब्द देऊन वहिनी निवडून आली होती. वर्ष होत आलं तरी दादाची कारणं संपत नव्हती. कधी धूळ, कधी वायर आखूड.

"आता म्हणत्यात, चेअरवुमननं हळदीकुंकू बघायचं, मशीन चेअरमन बघंल," वहिनी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "सकाळी माझ्याबरं येता का? टेबल उचलाय एक माणूस लागंल."

सकाळी दूध घालायला बाया जमायच्या आधीच घरची किटली घेऊन आम्ही ऑफिसात होतो. बारकं टेबल आम्ही कट्ट्यावर आणलं आणि त्यावर मशीन ठेवलं. वायर भरपूर लांब निघाली. मग वहिनी आत गेली आणि ती गोल खुर्ची ढकलत बाहेर घेऊन आली. पदर खोचून तीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी ती हलली नाही.

बाया आल्या, बघून थबकल्या. मागनं सचिवाला घेऊन दादा आला.

"हे काय चाललंय?"

"कलेक्शन," वहिनी म्हणाली.

"अगं, तुझी जागा आत केलीया की. पाटी बी आणलीया."

"पाटी छान हाय. आत ऱ्हाऊ द्या तिला." तिनं सचिवाकडं वळून सांगितलं, "आधी आमच्या घरचं दूध घ्या."

सचिवानं दादाकडं पाहिलं. दादा समोरच्या वडाकडं बघत होता. एक म्हातारी काकी म्हणाली, "चेअरमन सांगत्यात न्हवं? घे की बाबा." ती बघत होती वहिनीकडं.

आमच्या म्हशीच्या दुधाचं फॅट गावात सगळ्यात चांगलं, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. दादा ते सोयऱ्याधायऱ्यांत मिशीवर हात फिरवून सांगायचा. मशीनवर आकडा उमटला. रोज आमच्या नावानं पडद्याआडून ओरडला जायचा त्याहून बराच खाली. मीही वाकून पाहिला. बाया पुढं सरकल्या.

वहिनीनं खुर्चीतून वाकून तो आकडा पुन्हा वाचला. तिला नवऱ्यावर संशय होता, पण स्वतःच्या किटलीवर नव्हता.

"असाच लिवा," ती सचिवाला म्हणाली. "आणि मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचला. दादा घराकडं निघाला, आणि वहिनीनं पुढच्या बाईची किटली जवळ ओढली.