पवारजींची गोटी

पहिल्या भेटीत पवारजींनी मला नमस्कारसुद्धा केला नाही. दाराशी चपला काढल्या, खिशातली काचेची गोटी खोलीच्या मधोमध ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. गोटी सुटली ती थेट खिडकीखालच्या भिंतीला थडकली.

"भिया, इथे कपडा रंगवायचे," ते म्हणाले. "पाणी निघायला जमिनीला मुद्दाम ढाळ दिलाय. पूरी जमीन उठवावी लागेल."

सांवेर रोडवरच्या त्या बंद कारखान्याचे फ्लॅट झाले, त्यातला एक मी घेतला होता. खुब्याचं ऑपरेशन झालेली आई उज्जैनला भावाकडे होती. चाकांचा वॉकर घेऊन चालायची आणि रोज फोनवर विचारायची, माझी खोली झाली का. मला एका जागी बसवत नव्हतं. ऑफिस सुटलं की मी तिकडे धावायचो. पवारजी सत्तरीचे, फरशी बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, तो ताठा यांच्यात पुरेपूर उतरला होता. घाई करा म्हटलं की ऐकवायचे, "जल्दीचं काम पायाला कळतं, भिया."

शेवटची फरशी बसली, तसं मी आईला रविवारी ये म्हणून कळवून टाकलं. पवारजींनी गोटी ठेवली. ती वीतभर सरकली. त्यांनी छिन्नी घेतली आणि दोन ओळी उखडल्या. मी भडकलो, नाही नाही ते बोललो. त्याच तिरमिरीत बाथरूममध्ये गोटी ठेवली आणि इथेही पळते, म्हणून त्यांची चूक पकडली. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मग आईसाहेबांच्या आंघोळीचं पाणी कुठे जाणार?"

मी ओशाळलो, पण राग गेला नाही. आईला फोन करून रविवारी येऊ नको म्हणून सांगावं लागलं, ते जास्त लागलं.

दहा दिवस उशिरा ती आली. पवारजी न बोलावता हजर होते. ते आईकडे नाही, तिच्या पावलांकडे बघत होते. मधोमध येऊन ती थांबली, वॉकर सोडला आणि दोन्ही हातांनी पदर सारखा केला. मी तिला धरायला पुढे झालो. ती मात्र सहज उभी होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काही न धरता. वळून पाहिलं तर पवारजी चपला घालून जिना उतरत होते. त्यांची माफी मागायची होती, ती मी पुढच्या भेटीवर ढकलली.

महिन्याभरात ते गेले. बातमी आली तेव्हा आई ओट्याशी चहा करत होती. मी सांगितल्यावर तिने गॅस बंद केला, खोलीच्या मधोमध आली आणि कशालाही न धरता कितीतरी वेळ उभी राहिली.